शुक्रवारचं पीठ आणि तेल

कारागांदा, ३ ऑक्टोबर

थोरल्या आपांना त्यांच्या भावजयीचा, केलिन राइखानचा सलाम.

साबितच्या गाडीतून पाठवलेलं मांस, लोणी आणि सुकवलेल्या दह्याच्या गोळ्या पोचल्या. इंजूने गोळ्या शाळेत नेल्या आणि अर्ध्या वर्गाला वाटून आली. बापाचा हात सैल, तोच हिचा. साबितने सामानाचं भाडं घेतलं नाही, पण तीन वाट्या चहा प्याला आणि प्रत्येक वाटीत दोन-दोन चमचे साखर घातली. हल्ली मी चमचे मोजते, आपा. हसू नका.

तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट लिहिते. यांना जाऊन वर्ष झालं त्या जेवणावळीला कापायला घोडा भावकीने दिला, पण हॉल, दोनशे माणसांची ताटं, मानाचे कापडाचे तुकडे, सगळं मी बँकेच्या कार्डावर केलं. लोक काय म्हणतील या भीतीने केलं. लोक जेवले आणि काहीच न म्हणता घरी गेले. आता म्हणतेय ती बँक.

कार्डावर तेरा लाख दहा हजार तेंगे आहेत. त्यातले सात लाख जेवणावळीचे, ते मला ठाऊक. उरलेल्या सहा लाख दहा हजारांचा मेळ काही केल्या लागत नाही. खातं माझ्या नावाचं असलं तरी व्यवहार हे बघायचे, नोंदी यांच्या फोनवर यायच्या, आणि तो फोन कुलूपबंदच राहिला. हे गेले त्यानंतरचे दोन-तीन महिने मला धड आठवतही नाहीत. दुःखात माणूस काय काय विकत घेतं कोण जाणे. म्हणजे मीच खाल्ले असणार.

जेवणावळीच्या दिवशी वडीलधाऱ्यांसमोर मी शब्द दिलाय तो विसरले नाही. मार्चात नौरुजच्या सणापर्यंत निम्मं कर्ज फिटलं नाही, तर इंजू तुमच्याकडे सारीकोलला राहील. पहिलं लेकरू थोरल्यांचं, ही आपली रीत मला मान्य आहे. पण आपा, मला एकच आहे हो. म्हणून मी कंबर कसलीय. दुकानात कोट-पॅन्टी दुरुस्त करून एक लाख पासष्ट हजार येतात, इंजूचा सरकारी भत्ता पंचावन्न हजार. वहीत रेघा मारून एकेक खर्च कापत गेले. कामावर चालत जाते. घरचं इंटरनेट बंद. दुपारचं जेवण डब्यात, आणि डब्यात कालचं. केस घरीच कापते, त्यामुळे इंजू सध्या पेंढी कापल्यासारखी दिसते.

आणि शुक्रवारी यांच्या नावाने तळायच्या सात शेल्पेक पोळ्या बंद केल्या. एक किलो पीठ आणि बाटलीभर तेल म्हणजे एक हजार तीनशे ऐंशी, आणि महिन्याला असे चार शुक्रवार. हे समजून घेतील. यांनाही पैशाची किंमत कळत होती.

तुमची केलिन,
राइखान


सारीकोल, ९ ऑक्टोबर

केलिन,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा चष्म्याने, एकदा रागाने.

चहाची साखर मोज, केस काप, चालत जा, तुझे पाय तरुण आहेत. पण मेलेल्याच्या तोंडचा घास कापायला तुला कुणी शिकवलं? मेलेला तृप्त नाही तर जित्याला बरकत नाही, हे तुझ्या आईने सांगितलं नसेल तर मी सांगते. शुक्रवारी ते येतात आणि दाराच्या चौकटीशी थांबतात. त्यांना भाकरी नको, मांस नको, फक्त गरम तेलाचा वास पुरतो. वास आला नाही की खालमानेने परत जातात. आणि मी इथे तळलं म्हणून भागत नाही. लग्न झालेला पुरुष बायकोच्याच चुलीशी येतो. नाहीतर मी तुझ्या तोंडाला लागलेच नसते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे जेवणावळीच्या आधी सांगायचं राहिलं, चूक माझी. आता एक ऐक. नौरुजची वाट कशाला पाहतेस? पोरीला आत्ताच पाठव. शाळा दारासमोर, गाय दुभती, छपरावर गेल्या वर्षी जूनमध्ये घातलेले निळे पत्रे, पावसाचा थेंब आत येत नाही. तुझ्या घरात ती कालचं खाते, इथे आजचं खाईल. मला ऐकू येत नाही याची तिला भीती वाटत असेल तर तिला सांग, तिचा बाप लहानपणी मला हाक कशी मारायचा. जमिनीवर टाच आपटायचा, तीनदा. नवव्या वर्षी तापाने माझे कान गेले, तेव्हा तो चार वर्षांचा होता, त्यानेच ही युक्ती काढली. फळीतून माझ्या तळव्यांना कळायचं. इंजूलाही जमेल.

दाउरेनचे कपडे रीतीप्रमाणे वाटले. मेंढीच्या कॉलरचा तपकिरी कोट मयताला अंघोळ घालणाऱ्या ओमारला दिला. तू मागे विचारलं होतंस म्हणून लिहिलं.

कुल्पाश


कारागांदा, १९ ऑक्टोबर

आपा, सलाम.

रागवा, पण आधी हे वाचा. पहिला हप्ता भरला. नव्वद हजार. बँकेतून बाहेर येताना छाती फुगली होती.

मग घरी येऊन, बँकेने आत्ताच माझ्या फोनला जोडून दिलेल्या खात्याच्या नोंदी काढल्या तर त्यात दोन नोंदी माझ्या नाहीत. ११ ऑक्टोबर, शुक्रवार, आमच्याच इमारतीखालचं किराणा दुकान. पीठ, तेल, एक हजार तीनशे ऐंशी. १८ ऑक्टोबर, शुक्रवार, बस अड्ड्यावरचं दुकान. पीठ, तेल, एक हजार तीनशे ऐंशी. आणि कार्ड माझं नव्हे. माझ्या खात्याला जोडलेलं दुसरं कार्ड, जे यांच्याकडे असायचं. ते मी वर्षभर पाहिलेलं नाही.

मी खालच्या दुकानात गेले. मालकीण मला ओळखते. म्हणाली, "अगं, दुपारी गर्दी असते, कार्ड टेकवतात आणि जातात. मी तोंडं बघत बसू की पैसे?" मी विचारलं, शुक्रवारी पीठ-तेल कुणी नेलं. तर म्हणाली, "शुक्रवारी पीठ-तेल सगळेच नेतात. तूच तेवढी हल्ली नेत नाहीस." सगळ्यांसमोर म्हणाली.

चोरच असणार, आपा. पण असा कसा चोर, की दर शुक्रवारी नेमकं तेवढंच घेतो जेवढं मी वाचवते? कार्डाची हद्द मोठी आहे, त्याला टीव्ही घेता आला असता.

आणखी एक सांगते, वेडी म्हणा. काल दुपारी घरी आले तर चूल थंड आणि जिन्यात तळणाचा वास. शेजारणीकडचा असेल म्हणून मी दार लावून घेतलं. इंजू जेवायला बसली आणि म्हणाली, पोट भरलंय. कुणी काय दिलं, विचारलं, तर खांदे उडवले.

ओमारला विचाराल का? कोटाच्या खिशात कार्ड राहिलं असेल. दुसऱ्यांचे कोट हातात घेतले की मी आधी खिसे चाचपते, धंद्याची पहिली शिकवण ती. यांच्या कोटाचे खिसे मात्र चाचपले नाहीत. मयताच्या खिशात हात घालू नये म्हणतात, म्हणून तसाच घडी करून तुमच्या हाती दिला.

राइखान


सारीकोल, २३ ऑक्टोबर

केलिन,

ओमार सत्तर वर्षांचा आहे. त्याला कार्ड दिलंस तर तो त्याने दात कोरेल. तो गावाबाहेर पाऊल टाकत नाही, तुझ्या इमारतीखाली कशाला येईल?

चोर असेल तर बँकेला सांग. चोर नसेल तर मी तुला सांगून झालंय. तू त्याच्या वाटचं पीठ-तेल कापलंस, तो स्वतःचं स्वतः घेतोय. दाउरेन दुसऱ्याचं मागणाऱ्यातला नव्हता. हसायचं तर हस. मी इथे हसत नाहीये.

तळायला लाग. आणि पोरीला शनिवारी साबितच्या गाडीत बसव. ज्या घरात जिन्यात वास येतो आणि पोर जेवत नाही, त्या घरात पोर ठेवू नये. तिच्यासाठी लोकरी मोजे विणायला घेतलेत. पायाचं माप पाठव.

कुल्पाश


कारागांदा, २ नोव्हेंबर

आपा,

इंजूला पाठवत नाही. शब्द नौरुजचा होता आणि मी शब्द मोडणार नाही, पण तुम्हीही अलीकडे ओढू नका. माप देते, अठरा सेंटीमीटर. मोजे इकडे पाठवा.

बँकेत गेले होते. खिडकीतल्या मुलीने पडद्यावर पाहिलं, पुन्हा पाहिलं. म्हणाली, "ताई, हे कार्ड अस्तित्वात नाही. मृत्यूची नोंद झाली त्या आठवड्यात ते बंद झालंय." मी म्हटलं, मग या नोंदी? ती म्हणाली, "नोंदी आहेत." मी म्हटलं, कार्ड नाही आणि नोंदी आहेत? तिने अर्ज पुढे केला. तीस दिवसांत उत्तर येईल. बाई भली होती, तिने माझ्याकडे दोनदा वर पाहिलं आणि मग पाहिलंच नाही.

नव्या नोंदी लिहिते. २५ ऑक्टोबर, शहराच्या वेशीवरचा पेट्रोल पंप. १ नोव्हेंबर, कारागाश फाट्यावरचं दुकान. दोन्ही शुक्रवार, दोन्ही वेळा पीठ, तेल, तेवढेच पैसे. मी इंजूच्या भूगोलाच्या नकाशावर पेन्सिलीने ठिपके दिले. आमचं घर, बस अड्डा, वेस, फाटा. आपा, हा सारीकोलचाच रस्ता आहे. इमारतीखालून निघाला आणि तुमच्या दिशेने चाललाय. रोज चालला असता तर आठवड्यात पोचला असता, पण हा फक्त शुक्रवारी पुढे सरकतो.

खरं सांगू? पहिल्या दोन आठवड्यांत जी भीती होती ती कमी झालीय. जो कुणी आहे तो आमच्यापासून लांब जातोय. जिन्यातला वासही गेला. इंजू पोटभर जेवते. मात्र तिला एक खोड लागलीय, मला बोलवायचं तर फळीवर टाच आपटते, तीनदा. तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलेलं नाही. विचारलं कुणी शिकवलं, तर म्हणते, "असंच करतात ना?"

बँकेतून एक गोष्ट बरी मिळाली. अर्ज केल्यावर जुन्या नोंदीही छापून दिल्या. सहा लाख दहा हजार मी खाल्ले नव्हते! गेल्या वर्षी ४ जूनला एकाच वेळी गेलेत, यांच्या कार्डावरून, कारागाशच्या बांधकाम सामानाच्या गोदामात. मी तिथे कधी पाऊल ठेवलेलं नाही. घर दुरुस्त केलं नाही, गॅरेज नाही, काही नाही. हे तुमच्याजवळ कधी काही बोलले होते का? कुणाला उधार दिले असतील तर वसूल करता येतील. वर्षभर मी आरशात बघून स्वतःला उधळी म्हणत होते, आपा. निदान तेवढं तरी उतरलं.

राइखान


सारीकोल, ६ नोव्हेंबर

केलिन,

मला काही बोलला नव्हता. पुरुषांचे व्यवहार, आपण काय सांगणार.

इथे बर्फ लवकर पडलं. गाय आटत चाललीय. मोजे पाठवलेत.

तळ. देवाच्यान विनवते, येत्या शुक्रवारी सात तळ, सात घरी वाट, त्याचं नाव घेऊन हात तोंडावरून फिरव. आणि नवी नोंद कुठली ते लगेच कळव. साबितला सांग, पत्र माझ्याच हातात द्यायचं, दारात टाकून जायचं नाही. फाट्यापासून इकडे अजून किती दुकानं आहेत ते त्याला विचारून लिही. तो रस्ता रोज बघतो.

इंजूचं काय ते नंतर बघू. घाई नाही.

कुल्पाश


कारागांदा, १६ नोव्हेंबर

आपा,

तुमचं इतकं छोटं पत्र पहिल्यांदा आलं. तब्येत बरी आहे ना? साबित म्हणतो, आपांनी दार उघडायला फार वेळ लावला आणि आधी खिडकीतून पाहिलं.

८ तारखेला मी तळल्या. एका हजारात तीनशे ऐंशी घालून पीठ-तेल आणलं, सात शेल्पेक केल्या, सात दारं फिरले. इंजूने कुराणातलं तिला येतं तेवढं म्हटलं. घर पुन्हा घरासारखं वाटलं. वाटलं, झालं, संपलं.

संध्याकाळी नोंद होती. ८ नोव्हेंबर, जामानतासचं दुकान. पीठ, तेल. काल पुन्हा तळल्या. काल पुन्हा नोंद. १५ नोव्हेंबर, महामार्गावरचा शेवटचा पंप, जिथून सारीकोल बारा किलोमीटर. साबित म्हणतो त्यापुढे एकच दुकान आहे, तुमच्या गावातलं.

तेव्हा आपा, हे भुकेचं नाही. खायला घालूनही जो थांबत नाही तो जेवायला निघालेला नाही. त्याचं तुमच्याकडे काहीतरी काम आहे. मला तुमची काळजी वाटते. तुम्ही एकट्या, कान नाहीत, दार ठोठावलेलं कळणार नाही. पुढच्या शुक्रवारी ओमारच्या घरी जाऊन बसा. चोर असेल तर तो काठीला भिईल. आणि चोर नसेल, तर आपा, तुम्हाला भ्यायचं काय कारण? तुमच्या मांडीवर वाढलेला माणूस. खाई त्याला खवखवे, तुम्ही कुणाचं काय खाल्लंय?

एक काम करा. ओमारकडचा कोट मागा. डाव्या बाजूला आत एक चोरखिसा आहे, मीच शिवलाय, अस्तराच्या शिवणीत, आणि यांनी आत काय ठेवलंय ते न बघता तोंडही मीच टाक्यांनी बंद केलं होतं. बाहेरून बोटांना लागत नाही. शिवण उसवून बघा. कार्ड तिथे असेल तर निदान हे कळेल, की ते बाहेर कुणाच्या हातात नाही.

राइखान


सारीकोल, २३ नोव्हेंबर

राइखान,

आज केलिन म्हणायला तोंड नाही.

कोट ओमारकडे नव्हता. कधीच नव्हता. त्याला मी दाउरेनचे बूट दिले आणि कोट ठेवून घेतला. रीत मोडली. आतल्या दाराच्या मागे खिळ्याला टांगला होता. येता-जाता कॉलरला हात लावायचे. मेंढीच्या लोकरीत त्याच्या मानेचा वास होता. तुला हे कळलं असतं तर तू मागितला असतास, म्हणून खोटं लिहिलं.

गुरुवारी तुझं पत्र वाचून कात्री घेतली आणि शिवण उसवली. कार्ड होतं. वर्षभर या भिंतीवर, या खिळ्यावर, बंद शिवणीत. टाके तुझेच, मी ओळखते, इतके बारीक कुणी घालत नाही. कार्ड हातात घेतलं तर बोटं पांढरी झाली. पीठ होतं, राइखान. आणि एका कडेला तेल. मी ते चुलीजवळ टेबलावर ठेवलं आणि रात्रभर दिवा विझवला नाही.

शुक्रवारी मी ओमारकडे गेले नाही. कुठे जाणार? तो मला शोधत आला असता, आणि पोराने म्हाताऱ्या बहिणीच्या मागे बर्फातून फिरावं हे मला बघवलं नसतं. दुपारी ऊन होतं, बर्फावर डोळे दिपत होते. मी चुलीपुढे मोजे काढून बसले, तळवे फळीवर टेकून. का, ते तुला ठाऊक आहे.

एक वाजून गेला आणि फळी हलली. एकदा. दोनदा. तीनदा.

ऐकू येणाऱ्यांना वाटतं आपण चुकीचं ऐकलं असेल. माझ्या तळव्यांना कधी चुकीचं कळलेलं नाही. डावी टाच जड, चार वर्षांचा असल्यापासून तशीच.

मी उठले नाही. बसूनच मोठ्याने सांगितलं. माझा आवाज मला माहीत नाही, पण तो असेल तसा त्याने कायम ऐकलाय. म्हटलं, दाउरेन, पत्रे माझे आहेत. निळे पत्रे, सहा लाख दहा हजारांचे. तू म्हणालास, आपा, थेंब गळतोय, मी घालतो, राइखानला सांगू नकोस, ती काळजी करेल, शरदात घोडी विकून परत दे. घोडी मी विकली नाही. सप्टेंबरात तू गेलास. दफनाच्या आधी मौलवीने अंगणात विचारलं, मयताचं कुणाला देणं आहे का, आणि सगळे म्हणाले, नाही. उलटं कुणी विचारत नाही. मयताचं कुणाकडे येणं आहे का, हे विचारायची रीतच नाही. मी बायकांत बसले होते. मला ऐकू येत नाही हे सगळ्यांना ठाऊक, त्या दिवशी ते माझ्या पथ्यावर पडलं.

आणि मग ऐक, हे त्यालाही सांगितलं आणि तुलाही सांगते. जेवणावळीच्या दिवशी तू कर्जाचा आकडा बोललीस तेव्हा मला कळलं की निम्मं माझं आहे. तरीही वडीलधाऱ्यांना मीच सुचवलं, फिटलं नाही तर पोर सारीकोलला द्या. हिशोब मला चांगला येतो. मी गप्प राहिले की तुझं फिटणार नाही, आणि तुझं फिटलं नाही की घरात मला हाक मारणारं कुणीतरी येईल. इतकाच माझा हिशोब होता. इतकी वर्षं या घरात फळी आपटून मला दुसऱ्या कुणी हाक मारली नाही, फक्त त्यानेच मारली. पण म्हणून मी तुझं लेकरू तुझ्याच पैशाने विकत घ्यायला निघाले होते.

बोलून झालं. फळी पुन्हा हलली नाही. दार उघडलं. उंबऱ्यावर पिठाची पिशवी आणि तेलाची बाटली. अंगणात बर्फ कोरं, कुत्रा झोपलेला.

मी सात तळल्या. बायकोची चूल नसली तरी बहिणीची.

आज सकाळी घोडी दिली. पाच लाख आले. वरचे एक लाख दहा हजार माझ्या पेटीतले, माझ्या कफनासाठी आणि जेवणावळीसाठी ठेवलेले. कापडही पेटीत आहे, ते राहू दे, ते लागेलच. साबितकडे पैसे शिवलेल्या पिशवीत दिलेत, मोजून घे. कोट आणि कार्डही त्यातच. वडीलधाऱ्यांना मी स्वतः कळवते. शब्द तुझ्यावरून उतरला.

माफ कर असं लिहीत नाही. वाटलं तर लिही, नाही वाटलं तर पैसे पोचले एवढंच कळव.

कुल्पाश


कारागांदा, २० डिसेंबर, शुक्रवार

आपा,

पैसे पोचले. महिनाभर रस्ता वादळाने बहुतेक बंदच होता, हे खरं. पण साबित मधे एकदा जाऊन आला आणि मी त्याला रिकामा पाठवला, हेही खरं. मी रागात होते. अजूनही आहे. सहा लाखांचा नाही. वर्षभर मी रोज स्वतःला उधळी म्हणत होते, इंजूच्या तोंडचा घास कापत होते, आणि तुम्ही मला अंथरूण पाहून पाय पसरायला सांगत होतात. ते पत्र मी अजून फाडलेलं नाही. कधी फाडेन माहीत नाही.

पण तुमचं शेवटचं पत्रही फाडलं नाही. दोन्ही एकाच डब्यात आहेत.

कर्ज आता पाच लाख दहा हजार. निम्म्याच्या खाली आलं. उरलेलं पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत फिटेल, वहीत रेघा मारून पाहिलंय. इंजू इथेच राहील. सुट्टीत मात्र तिला तुमच्याकडे पाठवीन, जून ते ऑगस्ट, तिची पिशवी भरून, तिचा खर्च माझा. ती तुमच्या फळ्या मोडेल. आताच सांगून ठेवते, दुरुस्ती कार्डावर करायची नाही.

तुमच्या कफनाचे पैसे मी खर्चले, त्याचं ओझं घेऊन फिरणार नाही, तेही सांगते. तुम्ही गेल्यावर मी हॉल घेणार नाही, दोनशे माणसं बोलावणार नाही. लोक म्हणोत काय म्हणायचं ते. दर शुक्रवारी माझ्या चुलीवर सात शेल्पेक होतील, पहिली यांच्या नावाची आणि दुसरी तुमच्या, हे मी लिहून देते. खर्चाच्या वहीत ती आता सगळ्यात वरची ओळ आहे. पीठ, तेल, एक हजार तीनशे ऐंशी. वीजबिलाच्याही वर.

बँकेचं उत्तर आलं. २२ नोव्हेंबरला तुमच्या गावच्या दुकानातली सातवी नोंद पडली होती, ती मी पाहिली होती. आता त्या सातही नोंदी यंत्रातली चूक म्हणून काढून टाकल्यात आणि नऊ हजार सहाशे साठ परत जमा केलेत. कागदावर आता काहीच नाही. फक्त माझ्या वहीत सात तारखा आहेत, पेनाने लिहिलेल्या.

कोट कापून इंजूसाठी करतेय. कॉलर तशीच ठेवली. तुम्ही म्हणता तो वास मलाही आला. दुपारभर मशीन बंद ठेवून नुसती मांडीवर घेऊन बसले.

आणि एक, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सात शुक्रवार मी नोंदी उघडायला घाबरायचे. आता त्यानंतरचे चार शुक्रवार झाले. तळण झालं, सात दारं फिरून आले, हात धुतले की मी नोंदी उघडते आणि खालपर्यंत बघत जाते. घरभाडं, वीज, शाळा, माझं पीठ, माझं तेल. दुसरं काही नाही. आजही नव्हतं. मग पुन्हा वरून बघते, एखादी नजरेतून सुटली असेल म्हणून.

आता खरंच गेले हो, आपा.

तुमची केलिन,
राइखान